अस्मानी आपत्ति व राज्याची तरतूद
महाराष्ट्रांतील अवर्षणाच्या इतिहासाचा एक विचार

महाराष्ट्राच्या जुन्या महसुली कागदांत “अस्मानी सुलतानी” हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. मक्ता ठरवितांना अगर कौल लिहून देतांना, पाऊस न पडल्यास किंवा परचक्र आल्यास शिरस्त्याप्रमाणें सूट मिळेल, अशी अट घालण्याचा परिपाठ होता. या लहानशा कलमांत राज्यकारभाराचें एक मोठें तत्त्व सांठविलेलें आहे. वाईट वर्ष हें केव्हां तरी येणारच, म्हणून त्याची सोय करार करतांनाच लावून ठेवावी, हें तें तत्त्व होय. हवामानांत होत असलेल्या बदलास तोंड देण्याची शक्ति प्रांतिक सरकारच्या विकास-योजनेंत कशी गुंफावी, हा प्रश्न आज शास्त्रज्ञ व अर्थशास्त्रज्ञ मोठ्या आस्थेनें चर्चीत आहेत. आमच्या मतें हा प्रश्न जितका शास्त्राचा तितकाच इतिहासाचाहि आहे. महाराष्ट्रांतील प्रत्येक राजवटीस तो कोणत्या ना कोणत्या रूपानें सोडवावा लागला, आणि त्या प्रत्येक प्रयत्नाचा पुरावा दप्तरांत शिल्लक आहे. जेव्हां जेव्हां दुष्काळाची तरतूद राज्याच्या नेहमींच्या जमाखर्चांत समाविष्ट झाली तेव्हां तेव्हां ती टिकली, व जेव्हां ती आकस्मिक खर्चाच्या सदरांत ढकलली गेली तेव्हां संकट ओसरतांच तिचा विसर पडला, असें या पुराव्यावरून दिसतें. तें कसें, हें आम्ही प्रस्तुत लेखांत दाखविणार आहों.

प्रथम भूमीचा विचार केला पाहिजे. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरीं वर्षास पांच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेस शंभर किलोमीटरच्या आंत, माण-खटावच्या माळावर, तो पांचशेंच्या आसपास उतरतो. इतक्या थोड्या अंतरांत इतका फरक असल्यामुळें ‘महाराष्ट्राचें सरासरी पर्जन्यमान’ या शब्दांस व्यवहारांत फारसा अर्थ उरत नाहीं. ही गोष्ट प्राचीनांस ठाऊक होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सीताध्यक्षाच्या प्रकरणीं जांगल व अनूप प्रदेशांचें पर्जन्यप्रमाण निरनिराळें दिलें असून, अश्मक म्हणजे गोदावरीकांठचा प्रदेश व अवंति यांचीं प्रमाणेंहि वेगवेगळीं सांगितलीं आहेत. अपरांत म्हणजे कोंकण, तेथें पाऊस अमित, असें म्हटलें आहे. त्याच ग्रंथांत कोष्ठागारांतील निम्मा सांठा जनपदावरील आपत्तीसाठीं राखून ठेवावा व नवीन धान्य येतांच जुनें बदलावें, असा दंडक आहे. प्रदेशवार मोजमाप व आगाऊ राखीव सांठा हीं दोन अंगें एकाच ग्रंथांत असावींत, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

मध्ययुगांत हा दंडक कितपत पाळला गेला? दुर्गादेवीच्या दुष्काळाची परंपरा इ. स. १३९६ पासून पुढें बारा वर्षांची सांगितली जाते. पंधराव्या शतकांतील मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा तर सर्वश्रुतच आहे. बेदरच्या बादशहाच्या कोठारांतील धान्य त्यांनीं भुकेल्या लोकांस वांटलें, व प्रत्यक्ष विठ्ठलानें महाराच्या रूपानें त्याची किंमत खजिन्यांत भरली, अशी ती कथा. तिचे सर्व तपशील इतिहास म्हणून स्वीकारतां येत नाहींत, हें उघड आहे. तथापि लोकस्मृतींत जें राहिलें त्याचा अर्थ स्पष्ट आहे. कोठार होतें, धान्य होतें, दयाळु अंमलदारहि होता. नव्हता तो फक्त कोठार उघडण्याचा नियम. नियम नसल्यामुळेंच येथें चमत्काराची गरज पडली.

इ. स. १६३० ते १६३२ या सालांत दक्षिण व गुजराथ या दोन्ही प्रांतांवर भयंकर दुष्काळ कोसळला. अब्दुल हमीद लाहोरी यानें पादशहानाम्यांत त्याचें हृदयद्रावक वर्णन केलें आहे. शहाजहान बादशहानें लंगरखाने घातले व सुमारें सत्तर लक्ष रुपयांचा वसूल माफ केला. रक्कम लहान नव्हती. परंतु सूट मिळेपर्यंत गांवेंच्या गांवें ओस पडलीं होतीं, व ओस गांवास सूट देऊन उपयोग तो काय? शिवाजी महाराजांचा जन्म याच दुष्काळाच्या तोंडावर, इ. स. १६३० मध्यें झाला. आदिलशाही फौजेनें उद्ध्वस्त केलेला व दुष्काळानें उजाड झालेला पुणें परगणा पुढें दादोजी कोंडदेव यांच्या देखरेखीखालीं पुन्हां वसविण्यांत आला, तो कौल व इस्तावा यांच्या साह्यानें. इस्तावा म्हणजे पहिल्या वर्षीं नाममात्र धारा घेऊन तो वर्षावर्षास चढवीत नेणें व कांहीं सालांनीं पूर्ण आकारावर आणणें. शेतकऱ्याची मोडलेली ताकद परत येण्यास काळ लागतो, हें या पद्धतींत हिशेबानेंच मान्य केलेलें आहे.

याच धोरणाचें अधिक स्पष्ट स्वरूप महाराजांनीं मामले प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास ५ सप्टेंबर १६७६ रोजीं पाठविलेल्या पत्रांत दिसतें. सुभेदारानें गांवोगांव फिरून कुणबी गोळा करावे. ज्याच्या घरीं माणूसबळ आहे पण बैल नाहींत त्यास बैलांसाठीं पैका द्यावा, पोटास दाणे द्यावे. आणि हें कर्ज वाढीदिढी न लावतां, ज्याची जशी ताकद येईल तसतसें, मुदलापुरतेंच वसूल करावें, अशी त्यांतील आज्ञा आहे. या कामीं दोन लक्ष लारीपावेतों खर्च करण्याची मुभाहि त्यांतच दिलेली आहे. येथें दामाजीपंतांची अडचण सुटलेली दिसते. काय करावें, कोणासाठीं करावें व किती खर्चावें, हें तिन्ही अंमलदारास लेखी कळविलेलें आहे. इ. स. १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रांतहि हीच दूरदृष्टि आहे. किल्ला बांधण्यापूर्वीं पाणी पाहावें, नसल्यास खडक फोडून टांकीं करावीं, एकाच झऱ्यावर विसंबूं नये. आंबा-फणसादि झाडें रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, म्हणून तीं तोडूं नयेत, असें अमात्यांनीं बजाविलें आहे.

परंतु या काळाचा वृथा गौरव करणें इतिहाससंशोधनास शोभणार नाहीं. त्या वेळीं जमीन मुबलक व कसणारे हात थोडे होते. कुणबी परागंदा झाला तर राज्याचा वसूल बुडे. यास्तव तगाई व सूट यांत दयेइतकाच स्वार्थहि होता. शिवाय ही सर्व व्यवस्था खजिन्याच्या बळावर उभी होती. इ. स. १८०३-०४ मध्यें होळकरी फौजांच्या लुटीमागोमाग अवर्षण आलें तेव्हां पुण्याच्या दरबारचा खजिना रिता होता, आणि सुलतानी व अस्मानी यांच्या त्या गांठींत शिरस्त्याचा कांहींच उपयोग झाला नाहीं. त्या मानानें गांवकऱ्यांनीं स्वतः चालविलेल्या संस्था अधिक चिवट ठरल्या. खानदेश व नाशिककडील पांझरा, मोसम व आरम या नद्यांवरील फड पद्धति हें याचें उत्तम उदाहरण होय. तेथें बंधाऱ्याखालील सर्व क्षेत्र फडांत वांटलेलें असे, एका फडांत एकच पीक घेत, व पाणी कमी असेल त्या वर्षीं किती फड भिजवावयाचे हें सर्वांनीं मिळून ठरवीत. पाटकऱ्यानें पाळीनें पाणी द्यावें, हा नियम लहानमोठ्या सर्व शेतकऱ्यांस सारखाच लागू होता. तुटीचें वर्ष येथें वांटणीच्या नियमांतच धरलेलें होतें.

इंग्रजी अमलांत या विचारास निराळें वळण लागलें. इंदापुर तालुक्यांत इ. स. १८३५-३६ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनीं जी पाहणी सुरू केली, तिच्या आधारें पुढें सर्व मुंबई इलाख्यांत तीस वर्षांच्या मुदतीचा रोकड सारा कायम झाला. सारा बेताचा ठेवावा; चांगल्या वर्षांतील शिलकेंतून शेतकऱ्यानें वाईट वर्षाची भर काढावी; म्हणजे वारंवार सूट देण्याचें कारण उरणार नाहीं, अशी त्यामागील विचारसरणी होती. मामलेदाराच्या मर्जीवर अवलंबून राहणारी सूट बंद झाली, हा तिचा गुण. परंतु ज्या शेतकऱ्याची चांगल्या वर्षाची शिल्लक सावकाराच्या वहींत जमा होत होती, त्याला सरासरीचा हिशेब पोट भरण्यास पुरेसा नव्हता. इ. स. १८७५ चे सुपें व आसपासचे दंगे आणि इ. स. १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा, हीं या चुकीची फळें होत. जुन्या करारांतील अस्मानीचें कलम गेलें व त्याच्या जागीं सरासरी आली, असें थोडक्यांत म्हणतां येईल.

इ. स. १८७६-७८ च्या दुष्काळानें या पद्धतीची कसोटी पाहिली. सर रिचर्ड टेंपल यांनीं कामावरील मजुराचें वेतन एक पौंड धान्याची किंमत अधिक एक आणा इतकें खालीं आणिलें. त्यावर इ. स. १८७७ च्या आरंभीं हजारों मजुरांनीं कामें सोडून दिलीं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढें मांडली. पुढें स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ कमिशनचा अहवाल इ. स. १८८० मध्यें प्रसिद्ध झाला, व इ. स. १८८३ मध्यें दुष्काळी नियमांचा नमुना तयार झाला. त्याच सालीं जमीन-सुधारणेच्या कर्जाचा व पुढील सालीं शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा होऊन तगाईस कायद्याचें रूप आलें. नियमसंग्रहाचें महत्त्व कमी लेखतां येणार नाहीं. कामें केव्हां उघडावीं, कोणास घ्यावें व काय द्यावें हें त्यानें ठरविलें, आणि कामांच्या याद्या आगाऊ तयार ठेवण्यास सांगितलें. इ. स. १८९६-९७ मध्यें लोकमान्य टिळकांनीं केसरींतून हेच नियम शेतकऱ्यांस समजावून सांगितले व सूट मागण्याचा हक्क बजावण्यास लाविलें. सार्वजनिक सभेनेंहि तोच उद्योग केल्यावर सरकारनें इ. स. १८९७ मध्यें सभेची मान्यता काढून घेतली. नियम छापला म्हणजे तो रयतेच्या हातींहि जातो, हा धडा त्या वेळच्या सरकारास पसंत पडला नाहीं.

परंतु या व्यवस्थेंत एक मूलभूत दोष राहिला. दुष्काळ जाहीर झाला म्हणजे नियमसंग्रह उघडावयाचा व पाऊस पडला कीं मिटावयाचा. सारा, सडका, कालवे व आगगाड्या यांचीं खातीं आपापल्या मार्गानें चालत. दुष्काळ हें निराळें खातें. याचा परिणाम कालव्यांच्या इतिहासांत स्पष्ट दिसतो. खडकवासल्याचा मुठा कालवा व नीरेचा कालवा यांचा एक मोठा हेतु अवर्षणग्रस्त भागाचें संरक्षण हा होता. पण बऱ्या पावसाच्या वर्षीं ज्वारी-बाजरीचा शेतकरी पाणी घेईना, मग कालव्याचें उत्पन्न बुडे, आणि जमाखर्चाचा मेळ बसेना. हा मेळ बसला तो उंसामुळें. विश्वेश्वरय्या यांनीं पाणी गांवोगांव वांटलें जावें म्हणून पाळीच्या पिकांची ‘ब्लॉक’ पद्धति काढली खरी. तरीहि जें पाणी पुष्कळांचें रक्षण करण्यासाठीं आणलें तें थोड्यांच्या नगदी पिकाकडे वळत गेलें. आजहि महाराष्ट्रांत लागवडीच्या क्षेत्रापैकीं अगदीं थोडा हिस्सा उंसाखालीं असून सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून बराच अधिक भाग त्यास लागतो, असे अंदाज आहेत. योजनेचा हेतु एक व जमाखर्चाची कसोटी दुसरी असली म्हणजे शेवटीं कसोटी जिंकते, हें येथें शिकावयाचें.

याच काळांत करवीर संस्थानानें निराळा मार्ग चोखाळला. इ. स. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांत शाहू महाराजांनीं स्वस्त धान्याचीं दुकानें काढलीं, तगाई दिली. परंतु तेवढ्यावर न थांबतां इ. स. १९०२ मध्यें पाटबंधाऱ्यांचें धोरण ठरवून विहिरी व तळीं यांची पाहणी करविली, आणि पुढें त्याच दशकांत भोगावतीवरील राधानगरीच्या धरणास हात घातला. संकटांत घेतलेला अनुभव संस्थानच्या कायमच्या कामांत उतरला, हा या उदाहरणाचा विशेष.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर या इतिहासांत सर्वांत महत्त्वाचें पान इ. स. १९७२-७३ च्या दुष्काळानें लिहिलें. मे १९७३ मध्यें दुष्काळी कामांवर सुमारें पन्नास लक्ष माणसें होतीं. एवढ्या मोठ्या संकटांत भूकबळींची जुनी परंपरा खंडित झाली, हें त्या कामांचें यश. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून इ. स. १९६५ मध्यें तासगांव तालुक्यांत रोजगार हमीचा लहानसा प्रयोग झालाच होता. १९७२ च्या अनुभवानें त्यास बळ आलें, इ. स. १९७७ मध्यें कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. खर्चासाठीं इ. स. १९७५ च्या कायद्यानें व्यवसाय कर बसविण्यांत आला, व त्याच्या जोडीस राज्यानें आपला तितकाच वांटा घालावयाचा असें ठरलें. आमच्या मतें या योजनेचें खरें ऐतिहासिक महत्त्व यांत आहे. दुष्काळ जाहीर होण्याची वाट न पाहतां, काम मागणाऱ्यास काम देणें हें राज्याचें कायमचें कर्तव्य ठरलें, व त्यासाठीं शहरांतील नोकरदार व व्यापारी यांनीं दरसाल भरावयाचा पैसा नेमून दिला गेला. अस्मानीचें कलम पुन्हां राज्याच्या नेहमींच्या हिशेबांत आलें. देशभराच्या रोजगार हमीचा इ. स. २००५ चा कायदा या अनुभवाचा ऋणी आहे.

तथापि या योजनेनेंहि एका गोष्टीचा विचार केला नाहीं. पाझर तलाव व नालाबांध यांनीं भूमींत मुरलेलें पाणी कोणाचें, हें ठरलें नाहीं. तें ज्याची विहीर खोल त्याचें झालें. विजेचे पंप व विंधनविहिरी यांनीं ही शर्यत वाढविली. बहात्तर सालीं अन्न नव्हतें पण विहिरींस पाणी होतें, आतां दुकानांत धान्य आहे पण पाणी नाहीं, असें मराठवाड्यांतील वृद्ध लोक म्हणतात. एप्रिल १९७३ आणि एप्रिल २०१६ यांची तुलना केली म्हणजे त्यांतलें सत्य पटतें. दुसऱ्या प्रसंगीं मिरजेहून लातुर शहरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. उलटपक्षीं नगर जिल्ह्यांतील हिवरेबाजार या गांवानें उंसास व शेतीसाठींच्या विंधनविहिरींस मनाई करून, दरसाल पावसाच्या मानानें पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिकें ठरविण्याचा पायंडा पाडला. फड पद्धतीचेंच तत्त्व येथें नव्या रूपानें अवतरलें आहे.

आतां या जुन्या प्रश्नास हवामान-बदलाची जोड मिळाली आहे. मध्य भारतांत विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या प्रसंगांची संख्या इ. स. १९५० ते २०१५ या काळांत सुमारें तिपटीनें वाढली, असा निष्कर्ष इ. स. २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत निघाला. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कोल्हापूर व सांगली यांना २००५, २०१९ व २०२१ या सालीं महापुरांनीं वेढलें. ज्या सरासरीवर विंगेटनें सारा बसविला व आपल्या अभियंत्यांनीं पूल व सांडवे बांधले, ती सरासरीच आतां स्थिर राहिलेली नाहीं.

सरकारनें हातावर हात ठेविले आहेत, असें म्हणतां येणार नाहीं. केंद्रानें इ. स. २००८ मध्यें हवामान-बदलाविषयींचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केल्यावर राज्यांनींहि आपापले आराखडे करावे असें ठरलें, व महाराष्ट्राचा अनुकूलन-आराखड्याचा अहवाल इ. स. २०१४ मध्यें तयार झाला. त्याच सालाच्या अखेरीस जलयुक्त शिवार अभियान निघालें. त्याच्या फलितांविषयीं महालेखापालांनीं इ. स. २०२० च्या अहवालांत गंभीर आक्षेप घेतले. इ. स. २०१८ पासून विदर्भ-मराठवाड्यांतील व जळगांवकडील पांच हजारांहून अधिक गांवांत जागतिक बँकेच्या साह्यानें नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्प सुरू झाला. त्यांत गांवच्या पाण्याच्या ताळेबंदास स्थान आहे. मुंबई महानगरपालिकेनें मार्च २०२२ मध्यें स्वतःचा हवामान कृति-आराखडा प्रसिद्ध केला. परंतु हवामानाचा आराखडा पर्यावरण विभागाचा, जिल्हा वार्षिक योजना नियोजन विभागाची, पूर व अवर्षणाची मदत आणखी तिसऱ्या विभागाची, मृद व जलसंधारण चौथ्याचें व धरणें पांचव्याचीं, अशी वांटणी आहे. इ. स. १८८३ मध्यें दुष्काळाची वही विकासाच्या वहीपासून निराळी झाली, ती अद्याप पुरती एक झालेली नाहीं. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनें जिल्हा नियोजन समितीची जागा निर्माण केली व महाराष्ट्रानें इ. स. १९९८ मध्यें तसा कायदाहि केला. या वह्या एकत्र मांडावयाच्या तर ती जागा हीच होय.

वरील विवेचनावरून आम्हांस चार सिद्धांत निघतांना दिसतात. पहिला हा कीं, वाईट वर्ष मूळ करारांत, म्हणजे आजच्या भाषेंत वार्षिक अंदाजपत्रकांत व प्रत्येक बांधकामाच्या मंजुरींत, गृहीत धरलें पाहिजे. इस्तावा व रोजगार हमी या दोहोंचें बळ त्यांत होतें. दुसरा हा कीं, अंमलदारास नियम, मर्यादा व पैका हीं तिन्ही आगाऊ दिलेलीं असावीं. प्रभावळीच्या सुभेदारास तीं होतीं, दामाजीपंतांस नव्हतीं. तिसरा हा कीं, मोजमाप व वांटणी गांवाच्या व खोऱ्याच्या पातळीवर व्हावी. अश्मक व अपरांत यांस एकच माप लावतां येत नाहीं. चौथा, व आमच्या दृष्टीनें सर्वांत अवघड, हा कीं, ज्या कसोटीनें योजनेचें यश मोजावयाचें ती कसोटी योजनेच्या हेतूशीं जुळती पाहिजे. किती तळीं खोदलीं व किती कोटी खर्चिले एवढेंच मोजलें, तर नीरेच्या कालव्याची कथा पुनः घडेल. तुटीच्या वर्षीं शेवटच्या घरास किती पाणी पोंचलें, हें मोजलें पाहिजे.

पुढील शतकांतील संशोधक आमच्या काळाचीं दप्तरें उघडतील तेव्हां सुंदर आराखड्यांवरून ते आमची पारख करणार नाहींत. आराखडे त्यांस पुष्कळ मिळतील. आम्ही आज पेशवाईचे ताळेबंद चाळतों त्याप्रमाणें ते जिल्ह्याजिल्ह्याचे जमाखर्च चाळतील, आणि अवर्षणाची व महापुराची रक्कम कोणत्या सदराखालीं लिहिली आहे हें पाहतील. ती आकस्मिक खर्चांत सांपडली, तर या राज्यास आपलाच इतिहास वाचतां आला नाहीं, असाच निर्णय त्यांस द्यावा लागेल.